‘निमपानझडी’ म्हणजे नक्की निम्मं काय?

सावलीतली | ९ मार्च
नमस्कार मंडळी. माझ्या खिडकीसमोर एक पिंपळ आहे. महिन्याभरापूर्वी तो पिवळा पडायला लागला. बघता बघता अंगणात पानांचा खच आणि वर नुसता खराटा. मला वाटलं, आता पावसापर्यंत हे असंच बघायचं. पण चार-पाच दिवसांत फांद्यांच्या टोकांना तांबूस सुया दिसल्या आणि आज झाड तांब्याच्या भांड्यासारखं लखलखतंय.
उत्सुकतेपोटी वाचायला घेतलं, तर एका पुस्तकात पिंपळ सदाहरित, दुसऱ्यात पानझडी आणि तिसऱ्यात चक्क ‘निमपानझडी’. आता हे निम्मं काय? निम्मी पानं झडतात? निम्मं वर्ष झडतात? की लिहिणाऱ्याचं निम्मंच ठरलंय?
दुसरी शंका. झाड पाणी वाचवायला पानं टाकतं असं शाळेत शिकलो. मग पाऊस तीन महिन्यांवर असताना, रणरणत्या उन्हात, नवीकोरी पानं काढायची अवदसा त्याला का आठवावी?

उगाच_एक | ९ मार्च
शीर्षकात ‘निम’ वाचून कडुनिंबाचा धागा समजून आलो होतो. निघतो.

ढोली | ९ मार्च
@उगाच_एक, निघू नका, बसा. कडुनिंबही याच टोळीतला. जुनी पानं झडून नवी येईपर्यंत थोडे दिवस विरळ होतो, फार कोरड्या जागी पार उघडाही पडतो. तुमचं चुकून बरोबर आलं.

शंकासुर | १० मार्च
माझ्या मते हा शब्दच टाकाऊ आहे. झाड उघडं पडलं की पानझडी, नाही पडलं की सदाहरित. मधला कप्पा म्हणजे ज्यांना निर्णय घेता येत नाही त्यांची सोय.

पानाआड | १० मार्च
शंकासुर, शब्द टाकाऊ नाही, तो दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.
एक, झाडाबद्दल. जे झाड पानं टाकतं पण फार थोडा काळ, काही दिवस ते दोन-तीन आठवडे, उघडं राहतं ते निमपानझडी. पिंपळ, पाईर, कुसुंब ही अशी. सालवृक्ष तर याहून सावध. त्याची जुनी पानं गळत असतानाच नवी फुटतात, त्यामुळे अगदी रखरखीत जागा सोडल्या तर तो पुरता निष्पर्ण दिसतच नाही. त्याला पानं ‘बदलणारं’ झाड म्हणणं जास्त बरोबर.
दुसरं, जंगलाबद्दल. इथे एकेक झाड निमपानझडी असायची गरजच नाही! काही झाडं पक्की पानझडी, काही पक्की सदाहरित, आणि दोघांची सरमिसळ झाली की जंगल निमपानझडी. ब्राझीलमध्ये तर याचा आकडाच ठरवलाय. कोरड्या ऋतूत २० ते ५० टक्के झाडं पानं टाकत असतील तर ते जंगल निमपानझडी, ५० च्या वर गेलं की पानझडी. हे टक्के झाडांचे मोजायचे, जातींचे नाहीत. इग्वासू धबधब्याभोवतीचं जंगल या निमपानझडी प्रकारातलं.

शंकासुर | १० मार्च
म्हणजे ४९ टक्क्यांवर एक झाड वाऱ्याने पडलं की जंगलाची जात बदलली.

पानाआड | १० मार्च
कागदावर, हो. :)

खवट_म्हातारा | १० मार्च
आमच्या वेळी झाडाखाली बसायचे. आता टक्के काढतात.

लाकूडफाटा | ११ मार्च
धागा छान. हयात जंगलात नोकरी करण्यात गेली, तेव्हा थोडं लिहितो.
आपल्याकडच्या जंगलांची वर्गवारी चॅम्पियन या ब्रिटिश वनशास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये केली आणि १९६८ मध्ये चॅम्पियन आणि सेठ या दोघांनी मिळून ती सुधारली. त्यात सोळा गट आहेत. उष्ण प्रदेशातल्या गटांत आधी सदाहरित, मग निमसदाहरित, मग आर्द्र पानझडी, पुढे शुष्क पानझडी, काटेरी वगैरे. गंमत बघा, ‘निमपानझडी’ नावाचा गटच नाही. बाहेर आफ्रिकेत, ब्राझीलमध्ये ज्याला निमपानझडी म्हणतील त्यातलं बरंचसं आपल्या कागदांत निमसदाहरित किंवा आर्द्र पानझडी म्हणून लागतं. रान तेच, शिक्का वेगळा.
आता शाळेतल्या त्या पाण्याच्या गोष्टीबद्दल. ती खोटी नाही. मुरमाड उतारावरचा साग आणि नाल्याकाठचा साग, दोघांत हाकेचं अंतर. वरचा थंडी सरता सरता उघडा, खालचा पुढे कितीतरी दिवस जुनी, भोकं पडलेली का होईना, पानं धरून उभा. दरवर्षी बघितलंय. जात एक, बी कदाचित एकाच झाडाचं, फरक फक्त मुळांखालच्या ओलाव्याचा. तेव्हा पाणी हेच कारण, बाकी सगळं नंतर.

फांदीवरची | ११ मार्च
लाकूडफाटाकाका, सागाचं मान्य. पण ‘पाणी हेच कारण’ याला पनामातून मोठा अपवाद आहे.
पनामा कालव्यासाठी नदी अडवल्यावर जो जलाशय झाला, त्यात एक डोंगरमाथा बेट होऊन राहिला, बारो कोलोराडो. तिथे वर्षाला सुमारे २६०० मिमी पाऊस, पण डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत कोरडं. १९८० च्या दशकात राइट आणि कॉर्नेहो यांनी तिथे सरळ जंगलालाच पाणी दिलं. सव्वादोन-सव्वादोन हेक्टरांचे दोन तुकडे घेऊन सलग काही वर्षं सगळा कोरडा ऋतू माती ओली ठेवली. शाळेतलं स्पष्टीकरण पुरेसं असतं तर त्या तुकड्यांत पानगळ थांबायला हवी होती, निदान लांबायला तरी.
बहुतेक जातींना ढिम्म फरक पडला नाही. पायाशी चिखल असताना त्यांनी ठरल्या वेळी पानं टाकली.

उगाच_एक | ११ मार्च
सवय हो. पगार झाला तरी महिनाअखेरीस उसासे टाकणारे आम्हीही आहोत.

लाकूडफाटा | ११ मार्च
@फांदीवरची, प्रयोग चांगला आहे, पण २६०० मिमीच्या रानातला आहे. ९०० मिमीच्या रानात करून दाखवावा. तिथला साग ओलावा मिळाला की पानं धरतो, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि ते काही पनामाला विचारून पाहिलेलं नाही.

फांदीवरची | ११ मार्च
नाही काका, तुमचं निरीक्षण खोडत नाहीये. उलट दोन्ही एकत्र धरली तरच चित्र नीट दिसतं. सागासारखी झाडं हवामान बघून चालतात, ओलं असेल तर थांबतात, कोरडं पडलं की आवरतं घेतात. दुसरी काही झाडं पंचांग बघून चालतात. पिंपळ बराचसा पंचांगवाला.

सावलीतली | ११ मार्च
माझ्या दुसऱ्या शंकेचं उत्तर या पंचांगात आहे का? की तो वेगळा विषय?

पानाआड | १२ मार्च
त्यातच आहे, थोडं सविस्तर लिहितो.
२००६ साली एलियट, बेकर आणि बोर्शर्ट यांनी नेमका हाच प्रश्न घेतला होता आणि त्याला मोसमी जंगलांचं कोडंच म्हटलं होतं. आशियातल्या मोसमी जंगलांत पुष्कळ झाडं पावसाची वाट न बघता, कोरड्या ऋतूच्या सगळ्यात तापलेल्या भागात पालवतात. पावसाचा पहिला थेंब हा इशारा नसेल, तर इशारा कोणता? त्यांचं उत्तर होतं, दिवसाची लांबी. डिसेंबरनंतर दिवस वाढायला लागतो, हे दरवर्षी त्याच तारखांना होतं आणि पावसासारखा त्यात लहरीपणा नसतो. बोर्शर्ट यांनी याआधी कोस्टा रिकातल्या ग्वानाकास्तेमध्ये बरीच वर्षं काम केलं होतं. तिथे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात छोट्या दिवसात जेमतेम सव्वा तासाचा फरक, तरी झाडांना तो कळतो.
आता पाणी कुठून? वरची माती कोरडी खडखडीत असली तरी खोल मुळांना खाली ओल सापडते. आणि इथे तुमच्या ‘पाणी वाचवायला पानं टाकतं’ या वाक्याला खरा अर्थ येतो. जुनं पान म्हणजे गळका नळ. वर्षभर वापरून त्याची पर्णरंध्रं, म्हणजे वाफ बाहेर सोडणारी बारीक छिद्रं, नीट मिटेनाशी होतात. ते गळलं की बाष्पोत्सर्जन एकदम घटतं, मुळं खेचतात ते थोडंथोडं पाणी खोडात साठतं, खोड पुन्हा टम्म होतं आणि मग कळ्यांना फुगायला जोर मिळतो. म्हणजे तुमचा पिंपळ चार-पाच दिवस उघडा होता तेव्हा झोपला नव्हता, टाकी भरत होता.

ढोली | १२ मार्च
‘जुनं पान म्हणजे गळका नळ’ हे लिहून ठेवतोय.
साठवणुकीवरून एक भर. सावर, पांगारा यांचं लाकूड हलकं, त्यात पाणी बक्कळ मावतं. म्हणून ती निष्पर्ण अवस्थेतही फुलांनी लगडू शकतात. जड, घट्ट लाकडाच्या झाडांकडे ही चैन नसते, ती कोरड्या जागी खरोखर तहानलेली असतात आणि त्यांना पाऊस पडेपर्यंत थांबावं लागतं.
आणि उघडं झाड म्हणजे बंद दुकान, असंही नाही. कांडोळाचं पांढरं खोड नखाने जरासं खरवडा, आत हिरवं दिसेल. पानं नसतानाही साल थोडंफार प्रकाशसंश्लेषण करत असते. (खरवडून झालं की पुरे, नावं कोरू नका.)

शंकासुर | १२ मार्च
मानलं, कसं पालवतात ते कळलं. पण कशाला? पावसाबरोबर पालवलं तर पाणी फुकट आहे की.

फांदीवरची | १२ मार्च
पाणी फुकट, पण खाणारेही फुकट! पावसाच्या सुरुवातीला अळ्या, भुंगेरे यांची फौज एकदम उतरते आणि पानाचं सगळ्यात लुसलुशीत वय तेच त्यांना हवं असतं. मुदुमलाईच्या पानझडी जंगलात मुरली आणि सुकुमार यांनी याचा अभ्यास केला होता, १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या जातींनी पावसाआधी पालवी काढली त्यांच्या पानांचं नुकसान कमी झालं, पावसाबरोबर किंवा उशिरा आलेल्यांचं जास्त. पाऊस येईपर्यंत आधीच्यांची पानं जून आणि चिवट झालेली असतात. शिवाय पावसाळ्यातलं आभाळ भरलेलं, कोरड्या ऋतूत ऊन भरपूर. पान कमावतं ते उन्हावर.

लाकूडफाटा | १२ मार्च
याला मात्र माझा दुजोरा. पहिल्या पावसानंतर सागाची कोवळी पानं अळी अशी फस्त करते की डोंगरच्या डोंगर जाळीदार दिसतो. रात्री रानात उभं राहिलं तर विष्ठा पडल्याचा आवाज येतो, पाऊस भुरभुरल्यासारखा. तेव्हा शेजारचा कुसुंब गडद हिरवा, मजेत.

खवट_म्हातारा | १२ मार्च
शेवटी लवकर उठणाऱ्याचंच भलं. हे मी पन्नास वर्षं घरात सांगतोय.

रानभूल | १३ मार्च
कुसुंबाचं नाव निघालं म्हणून विचारते, ती कोवळी पानं एवढी लालभडक का असतात? मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा लांबून मला ती फुलंच वाटली होती, जवळ जाऊन फजिती झाली.

पानाआड | १३ मार्च
फजिती सगळ्यांचीच होते. तो लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. कोवळ्या पानात हरितद्रव्य उशिरा भरतं, तोवर हा रंग उघडा दिसतो. त्याच्या कामाबद्दल मतं दोन-तीन आहेत. कोणी म्हणतं, तो प्रखर उन्हापासून कोवळ्या पेशींना आडोसा देतो. कोणी म्हणतं, कीटकांना लाल रंग नीट दिसत नाही किंवा तो ‘इथे खाण्यासारखं काही नाही’ असं सांगतो. माझा कल आडोशाकडे आहे, पण दोन्ही एकाच वेळी खरं असायला हरकत नाही.

ढोली | १३ मार्च
अवांतर: जाताना लाल होणारीही असतात. कुंभ्याची पानं गळण्याआधी लाल होतात. म्हणजे काही येताना रंगतात, काही जाताना.

घानाकर | १५ मार्च
वाचत होतो, आता राहवलं नाही. कामानिमित्त काही वर्षं घानाच्या जंगलांत हिंडलोय. तिथली जंगलं निमपानझडी या शब्दाचा तिसरा अर्थ दाखवतात. पानाआड यांच्या यादीत तो आला नाही, म्हणून लिहितो.
तिथे वावा नावाचं उंचच उंच झाड असतं, तसाच ओडुम, ज्याला इतरत्र इरोको म्हणतात. सहारावरून हरमॅटन हा कोरडा, धुळीचा वारा यायला लागला की वरच्या थरातली अशी पुष्कळ झाडं उघडी पडतात. पण मान खाली करून बघितलं तर खालच्या थरातली झाडं-झुडपं बहुतेक हिरवीच. टोपी काढलेली, कपडे अंगावर. वरून विमानातून बघणारा म्हणेल पानझडी, खाली चालणारा म्हणेल सदाहरित. दोघंही त्याच जंगलात.
कारणही सरळ आहे. वरच्या झाडाला ऊन आणि वारा थेट लागतो, खालच्याला सावली आणि दमट हवा.

सावलीतली | १५ मार्च
टोपी काढलेली, कपडे अंगावर! हे फार आवडलं. म्हणजे निम्मं = काळ, किंवा झाडांची संख्या, किंवा थर.

उगाच_एक | १५ मार्च
किंवा लिहिणाऱ्याचं निम्मंच ठरलंय. तुमचा मूळ पर्याय अजून कोणी खोडलेला नाही.

घानाकर | १५ मार्च
अजून एक नमुना सांगून थांबतो. अजून उत्तरेला, साहेलच्या कोरड्या पट्ट्यात, एक बाभूळवर्गीय झाड आहे, फायदर्बिया. ते पावसाळ्यात निष्पर्ण आणि कोरड्या ऋतूत हिरवंगार! सगळं उलटं. पावसाळ्यात त्याची सावली पडत नाही म्हणून शेतकरी ते शेतात मुद्दाम ठेवतात, पीक त्याच्या बुंध्यापर्यंत येतं.

शंकासुर | १६ मार्च
आता याला कोणत्या कप्प्यात घालणार? हेच म्हणतोय पहिल्यापासून. कप्पे सगळे माणसांचे.

पानाआड | १६ मार्च
कप्पे माणसांचे हे मान्य, पण त्यांच्यामागचा हिशोब झाडाचा आहे. सदाहरित पान जाड आणि टिकाऊ असतं. ते बनवायला खर्च फार, म्हणून ते एक वर्षाहून जास्त वापरून खर्च वसूल करावा लागतो. पानझडी झाडाचं पान पातळ, स्वस्त, पण कामाला तेज. थोडे महिने दाबून कमावतं आणि जातं. जाण्याआधी झाड त्यातलं नत्र आणि स्फुरद, निम्म्याच्या आसपास, परत ओढून घेतं. पिवळं पान पडतं ते बरंचसं रिकामं होऊन पडतं.
कोरडा ऋतू किती महिन्यांचा, त्यावर कोणतं धोरण परवडतं ते ठरतं. महिन्याला १०० मिमीच्या खाली पाऊस गेला की सदाहरित जंगलाचा खर्च मिळकतीपेक्षा वाढतो, असा ढोबळ अंदाज वापरतात. असे महिने थोडे असतील तर दोन्ही धोरणं शेजारी शेजारी तगतात आणि ते झालं निमपानझडी जंगल. हेच धोरण एकाच जातीतही हलतं. गुलमोहर मूळचा मादागास्करच्या कोरड्या पानझडी जंगलातला, पण बारमाही ओलावा मिळेल तिथे लावला तर जवळपास सदाहरित वागतो.

लाकूडफाटा | १६ मार्च
आणि थंडी विसरू नका. ब्राझीलच्या दक्षिण भागातल्या निमपानझडी जंगलांत पाऊस वर्षभर असतो, तिथे पानं गळतात ती हिवाळ्यातल्या गारठ्याने. हे वर पाण्याबद्दल हट्टाने लिहिलेल्या माझ्याच विधानाविरुद्ध जातं, पण लिहायला हवं.

खवट_म्हातारा | १६ मार्च
स्वतःच्या विरुद्ध लिहिणारा माणूस या संस्थळावर प्रथमच पाहिला. नोंद घ्यावी.

रानभूल | १८ मार्च
खाली पडलेल्या पानांचं काय? सगळे वरच बघतायत.

लाकूडफाटा | १८ मार्च
पानगळीचा जोर कोरड्या ऋतूत, कुजायला मात्र ओल लागते, म्हणून पाचोळा महिनोन्महिने तसाच साठतो. जंगलातला वणवा जमिनीलगत पळतो तो याच गादीवरून. वाचलेला पाचोळा पहिल्या पावसात भिजला की बुरशी आणि वाळवी कामाला लागतात आणि सगळं खत एकदम मोकळं होतं. नोकरीत असताना पाचोळा मोजायच्या जाळ्या बांधल्या आहेत. गळलेली पानं वाळवून, जातीवार वेगळी करून तोलायची. अत्यंत कंटाळवाणं काम, पण झाड कोणत्या आठवड्यात काय करतं ते त्याशिवाय कळत नाही.

*(पुढच्या वर्षी)*

सावलीतली | २ मार्च
धागा वर काढतेय. काकांच्या जाळ्यांचं वाचून मी वही घातली होती. यंदाचा पिंपळ असा: शेंड्याकडच्या फांद्या उघड्या होऊन सहाव्या दिवशी पालवल्या. दक्षिणेकडची एक मोठी फांदी त्यांच्या आधी तीन दिवस. सगळ्यात खालच्या दोन फांद्यांवर मात्र वर तांबूस पालवी आलेली असताना जुनी पानं अजून होती. म्हणजे यंदा संपूर्ण झाड एकही दिवस पूर्ण उघडं नव्हतं! गेल्या वर्षी ‘नुसता खराटा’ लिहिलं होतं, त्याची आता मलाच खात्री नाही. तेव्हा खिडकीतून फक्त शेंडाच बघितला असणार.

पानाआड | २ मार्च
वा! उंबरवर्गीय झाडांत हे दिसतं, एकाच झाडाच्या फांद्या वेगवेगळ्या वेळापत्रकावर चालतात.

शंकासुर | २ मार्च
म्हणजे आता फांद्यांचे टक्के.

सावलीतली | ३ मार्च
मग वहीत वरती काय लिहू? सदाहरित, पानझडी, की निमपानझडी?

लाकूडफाटा | ३ मार्च
काही लिहू नका. फांदी, तारीख आणि उघडे दिवस एवढंच लिहा. पाच वर्षं.

उगाच_एक | ३ मार्च
आमच्या कुंपणाजवळचा देशी बदाम वर्षातून दोनदा पानं टाकतो. त्याला दोन निम म्हणजे पूर्ण पानझडी धरायचं का?

ढोली | ३ मार्च
नवा धागा काढा.